प्रश्न तुमचे, उत्तरे आमची : पाटाच्या पाण्याला फिरता बांध

दिवाळी सरली, कोकणात व्हाळांवर (ओढ्यांवर) कच्चे बंधारे घातले गेले आणि पाट वाहू लागले, की या सदराच्या टपालात पाण्याची पत्रे वाढतात. यंदाची बरीचशी पत्रे एकाच वस्तूबद्दल आहेत : काठीला बांधलेली ताडपत्री किंवा मूठ लावलेला पत्रा. पाटात हवा तिथे आडवा टाकला की पाणी चढते, काम झाले की उचलून पुढच्या मोरीशी (पाटातून शेतात पाणी घ्यायच्या तोंडाशी) नेता येतो. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : वायंगणाला (उन्हाळी भाताला) व्हाळाचे पाणी पाटाने येते. पाटावर आमचे चौदा कोपरे (लहान खाचरे) आहेत. दर पाळीला चौदा ठिकाणी चिखल-गवताचा बांध घालायचा आणि तासाभराने फोडायचा. काठाची माती संपत चालली आहे आणि पाट जागोजागी रुंद झाला आहे. ताडपत्रीचा बांध घरी करता येईल का? मापे कशी घ्यावीत?
– एक वाचक, ता. कुडाळ

येईल. शिवण घालून मिळाली तर बाकीचे काम तासाभराचे आहे. तुमचा पाट पाण्याने कमी आणि खोऱ्याने जास्त रुंद झाला आहे. बांधाला माती हाताशी असते ती काठाचीच, आणि फोडलेल्या बांधाची माती परत काठावर येत नाही; ती वाहत जाऊन शेवटच्या कोपऱ्याच्या तोंडाशी बसते.

मापे तीन घ्या : पाटाची वरची रुंदी, तळाची रुंदी आणि पाणी किती चढवायचे ती खोली. समजा वर ७५ सें.मी., तळाला ३० सें.मी. आणि खोली ३० सें.मी. आहे. काठी वरच्या रुंदीहून ६० सें.मी. लांब, म्हणजे १३५ सें.मी. घ्या. दोन्ही काठांवर ती ३०-३० सें.मी. टेकली पाहिजे. कापडाची रुंदी ठरवताना मात्र वरच्या रुंदीवर जाऊ नका, बहुतेकांचे कापड इथेच आखूड पडते. एक दोरी घेऊन ती एका काठाच्या कडेवरून खाली उतरवा, तळावरून न्या आणि दुसऱ्या काठाच्या कडेपर्यंत चढवा. या पाटात ती साधारण १०५ सें.मी. भरेल. त्यात ३० मिळवा, झाले १३५. लांबी अशी लागते : काठीला गुंडाळायला २० सें.मी., काठीपासून तिरके तळापर्यंत ४० सें.मी. आणि तळावर पाण्याच्या अंगाला पसरायचा पदर ४५ सें.मी. एकूण १०५. पदर खोलीच्या दीडपट हवा. कापड वाचवायचे असेल तर दुसरीकडे कुठेही वाचवा, पदरात वाचवू नका.

काठी माणगा जातीच्या बांबूची घ्या, ४ ते ५ सें.मी. जाडीची. माणगा जवळजवळ भरीव असतो म्हणून मध्ये वाकत नाही. चिवा जातीचा बांबू या कामाला बारीक पडतो. कापडाची वरची कड काठीवर दीड वेढा गुंडाळायची, वरून जुन्या ट्यूबची दोन बोटे रुंद पट्टी ठेवायची आणि दर १५ सें.मी.वर खिळा मारायचा. माणग्याला थेट खिळा मारलात तर चीर जाते. आधी बारीक भोक पाडून घ्या. पट्टी नसेल तर खिळ्याच्या डोक्याखाली कापड पहिल्या आठवड्यातच फाटते.

पदराच्या टोकाला परकराला घालतात तसा नेफा शिवून घ्या, चार बोटे रुंद. त्यात सायकलची जुनी ट्यूब कापून, कोरडी वाळू भरून, दोन्ही टोके बांधून ओवा. साखळीही चालते, पण आपल्याकडच्या हवेत ती दुसऱ्या वर्षी गंजून नेफा खाते. शेवटी नेफ्याच्या दोन्ही टोकांना हातभर नायलॉनची दोरी बांधून ठेवा. तिचा उपयोग बांध काढताना होतो.

बांध टाकताना जागा मोरीच्या खालच्या अंगाला, हात-दीड हातावर निवडा. तळातले दगड, मुळ्या, गवताचे ठोंब काढा. तळहाताने चाचपून खात्री करा. काठी दोन्ही काठांवर आडवी ठेवा, पदर पाणी येते त्या बाजूला पसरा आणि नेफ्यावर चार-पाच खोरी चिखल टाका. दोन्ही कोपऱ्यांत, जिथे तळ आणि काठ मिळतात तिथे, एकेक खोरे जास्त. चिखल बांधाच्या जागेजवळचा न घेता पाटात साठलेल्या गाळाचा घ्या, पाटही साफ होतो. पाणी आले की पहिला मिनिटभर कापड फडफडते आणि कडांनी पाणी सुटते. घाबरून माती टाकत सुटू नका. पाणी वीतभर चढले की त्याच्याच वजनाने पदर तळाला चिकटतो आणि गळती आपोआप उतरते.

काढताना काठी उचलायची नाही. नेफ्याची एका बाजूची दोरी हळूहळू ओढा, म्हणजे त्या कोपऱ्यातून पाणी सुटू लागेल. पातळी निम्म्यावर आली की मग काठीला हात लावा. एकदम उचललात तर साठलेले सगळे पाणी लोंढ्याने खाली जाते आणि पुढच्या कोपऱ्याची मोरी धुऊन नेते. चौदा कोपऱ्यांना असे दोन बांध ठेवा. पहिल्याचे पाणी भरत असताना दुसरा पुढच्या मोरीशी टाकून तयार ठेवता येतो.

प्रश्न : तुम्ही म्हणता तसाच बांध करून घेतला. तरी पाणी खालून जाते. दोनदा तर काठी जागेवर आणि तळ गायब! आगराची (नारळ-सुपारीच्या बागेची) जमीन समुद्राकडची, रेताड आहे.
– ता. गुहागर

फिरता बांध वरून क्वचितच फुटतो, तो खालून फुटतो. वरच्या अंगाला ३० सें.मी. पाणी आणि खालच्या अंगाला कोरडा तळ, म्हणजे तेवढे पाणी मातीतून वाट काढू पाहते. पदर जितका लांब तितकी ही वाट लांब, आणि वाट लांब म्हणजे पाण्याचा जोर कमी. रेताड जमिनीत कण एकमेकांना धरून नसतात. झिरपणारे पाणी आधी बारीक कण नेते, मग पोकळी होते, मग पोकळीत पाण्याचा वेग वाढतो आणि पाच मिनिटांत तळ जातो. म्हणून तुमच्याकडे पदर खोलीच्या दीडपट पुरत नाही; अडीचपट, म्हणजे ३० सें.मी. पाण्याला ७५ सें.मी. ठेवा. नेफा नुसता तळावर न ठेवता खोऱ्याने चार बोटे खोल आडवा चर काढून त्यात बसवा आणि चर चिकट मातीने भरा. आगरात चिकट माती नसेल तर भाताच्या मळ्यातली दोन घमेली आणून पाटाशेजारी ओली ठेवलीत तर हंगामभर पुरेल.

गळती धोक्याची आहे की नाही हे पाण्याच्या रंगावरून कळते. खालच्या अंगाला स्वच्छ पाणी पाझरत असेल तर खुशाल पाझरू द्या. गढूळ येत असेल तर माती निघाली आहे. पाणी ताबडतोब उतरवा. भोक नेमके कुठे आहे ते दिसत नाही, तेव्हा मूठभर भाताचे तूस वरच्या पाण्यावर टाका. तूस संथ तरंगत राहते, पण भोकाच्या वर गरगर फिरते, कधी खाली ओढले जाते. तिथेच पायाने चिखल दाबा.

आणखी एक कारण आमच्या मते तुमच्याकडे आहेच : कुर्ल्यांची (खेकड्यांची) बिळे. बीळ काठात शिरते आणि बांधाच्या खालच्या अंगाला निघते, त्याला ताडपत्री काय करणार? बांध टाकायच्या जागी दोन्ही काठ हातभर तपासा. बिळात नुसती माती कोंबून भागत नाही, कुर्ली रात्रीत ती उपसते. बीळ कोयत्याने मोकळे करून नारळाचे सोडण (काथ्याचे साल) ठोकून बसवा आणि वरून चिकट माती चोपा. उंदराच्या बिळालाही हाच उपाय.

प्रश्न : बाजारातली निळी प्लास्टिकची ताडपत्री वापरली तर पाण्यावर तरंगते, पदर बसतच नाही. दुसरे कापड कोणते घ्यावे?
– ता. दापोली

ती तरंगणारच, कारण त्या प्लास्टिकचे वजन पाण्याहून थोडे कमी असते. ट्रकवर घालतात ते पीव्हीसीचा लेप दिलेले जाड कापड पाण्यात बुडते, तळाच्या उंचसखलपणावर नीट बसते आणि चिखलाने घासले तरी टिकते. महाग आहे, पण तुम्हाला सव्वा मीटरचा तुकडा लागतो, अख्खी ताडपत्री नाही. ताडपत्री शिवणाऱ्यांकडे असे उरलेले तुकडे मिळतात. सुती कॅनव्हास भिजल्यावर फुगतो आणि त्याची वीण घट्ट होते. पाणी धरण्यात तो सर्वांत चांगला. पण दर वापरानंतर वाळवला नाही तर एका हंगामात कुजतो, आणि रोज वाळवणार कोण? निळी ताडपत्री घरात पडलीच असेल तर दुहेरी करून, नेफ्यात दुप्पट वाळू घालून वापरा. उन्हाने तिचे पापुद्रे सुटू लागले की मात्र तिचा नाद सोडा. त्या चिंध्या पाटातून मळ्यात जातात आणि नांगराला येतात.

प्रश्न : आमचे पाट हातभर रुंदीचे आहेत. एवढ्यासाठी ताडपत्री कशाला? लोहाराकडून पत्रा कापून घेतला तर? किती गेजचा घ्यावा?
– ता. सावंतवाडी

तुमचेच बरोबर आहे. ६० सें.मी.पर्यंतच्या मातीच्या पाटाला पत्राच सोयीचा : एक माणूस, एक दणका, काम झाले. १६ गेजचा, म्हणजे साधारण १.६ मि.मी.चा गॅल्व्हनाइज्ड पत्रा घ्या. १८ गेज हलका पडतो, पण दगडाला लागला की त्याची धार मुडपते. पाट ४५ सें.मी. रुंद असेल तर पत्रा ७५ सें.मी. रुंद आणि ४५ सें.मी. उंच कापा, खालची बाजू सुपासारखी गोल. गोल धार जमिनीत सहज शिरते, कारण आधी मध्य टेकतो आणि मग पत्रा डावी-उजवीकडे हलवत दाबता येतो. सरळ धारेचा पत्रा एकाच वेळी सगळ्या रुंदीवर अडतो. वरच्या कडेला १२ मि.मी.ची सळई वाकवून मूठ करा. ती वेल्डिंगने जोडली की कडही ताठ राहते. असा पत्रा चार किलोच्या आसपास भरतो.

दोन्ही बाजूंना आणि खाली किमान १० सें.मी. पत्रा मातीत गेला पाहिजे. कमी गेला तर कडेने पाणी काठ कापते. पत्रा बसवल्यावर खालच्या अंगाने पायाने माती दाबायची सवय अनेकांना असते. ती दाबायची वरच्या अंगाने, म्हणजे पाणी स्वतःच ती माती फटीत ढकलते.

रुंदीपेक्षा खोलीला जपा. ६० सें.मी. रुंद पाटात ३० सें.मी. पाणी अडवले तर पत्र्यावर सुमारे २७ किलोचा दाब येतो. तेच पाणी ६० सें.मी. चढवले तर दाब दुप्पट न होता चौपट होतो, १०८ किलो. मातीत १० सें.मी. रुतलेला पत्रा तो कसा पेलणार? फिरत्या बांधाने, मग तो पत्र्याचा असो वा एका काठीच्या ताडपत्रीचा, ४५ सें.मी.हून जास्त पाणी अडवू नये.

प्रश्न : आमचा पाट जांभ्यात खोदलेला आहे, पुढे काही भाग चिरेबंदी आहे. पत्रा रुतत नाही, ताडपत्रीच्या कडांनी पाणी जाते.
– ता. देवगड

जांभ्याचा खडबडीतपणा नडतो. मोऱ्या ठरलेल्या आहेत, तर बांधाच्या जागाही ठरलेल्याच आहेत, मग तिथे खाचाच पाडून घ्या. दोन्ही अंगांना समोरासमोर ४ सें.मी. रुंद आणि ५ सें.मी. खोल उभी खाच, आणि तळाला तशीच आडवी. चिऱ्याच्या कारागिराला एका जागेला फार वेळ लागत नाही. खाचांच्या आत सिमेंट-वाळूचा हात फिरवून पृष्ठ गुळगुळीत करा. त्यात अडीच सें.मी. जाडीची किंजळीची किंवा ऐनाची फळी बसवा. एक मोठी फळी करण्यापेक्षा १५ सें.मी. उंचीच्या दोन-तीन फळ्या एकावर एक चढवा, म्हणजे पाणी हवे तेवढेच चढवता येते आणि काढताना वरची एकेक उचलता येते. फळीच्या पाण्याकडच्या अंगाला, कडेने, ट्यूबची पट्टी खिळ्यांनी मारा. फळी खाचेच्या खालच्या भिंतीवर दाबली जाते आणि मागची फट पट्टी झाकते. उरलेल्या गळतीला जुनीच युक्ती : चिखलात कुटलेला पेंढा कालवून वरच्या अंगाने फटीत सोडायचा.

फळी कोरडी असताना खाचेत घट्ट बसवलीत तर भिजून फुगल्यावर निघणार नाही. बोटभर ढिली ठेवा.

प्रश्न : नारळाच्या एका आळ्याला किती वेळ पाणी धरावे? आणि पाटात पाणी किती येते हे कसे मोजायचे? पंपवाला एक सांगतो, प्रत्यक्षात वेगळेच वाटते.
– मुरुड व अलिबाग तालुक्यांतून दोन पत्रे

पंपाजवळचे पाणी आणि आळ्यापाशी पोहोचणारे पाणी यांत पाटाची झिरप असते, म्हणून मोजमाप आगरातच करा. सोपे साधन म्हणजे खाचेचा पत्रा. वरच्यासारखाच पत्रा घ्या. वरच्या कडेवर मध्यापासून २० सें.मी. डावीकडे आणि २० सें.मी. उजवीकडे खूण करा, मध्याच्या बरोबर खाली २० सें.मी.वर तिसरी खूण करा, आणि हा त्रिकोण कापून काढा. खालचा कोन काटकोन झाला पाहिजे. कापलेली धार कानशीने पातळ करा. पत्रा पाटात सरळ उभा आणि आडवा समतल बसवा. खाचेतून पडणारे पाणी मोकळे पडले पाहिजे. खालचे पाणी खाचेच्या टोकाला भिडले तर माप चुकते.

पाण्याची उंची खाचेतच मोजू नका, तिथे पाणी पडताना खाली झुकलेले असते. पत्र्यापासून हात-दीड हात वरच्या अंगाला खुंटी ठोका. तिचे डोके खाचेच्या टोकाच्या पातळीत आणा, गवंड्याची लेव्हलची नळी असेल तर उत्तम. त्या डोक्यावर किती सें.मी. पाणी आहे ते मोजा. ५ सें.मी. असेल तर सेकंदाला पाऊण लिटर, ८ ला अडीच लिटर, १० ला ४.४ लिटर, १२ ला ६.९ लिटर, १५ ला १२ लिटर. मधले आकडे अंदाजाने लावता येतात, पण फरक सरळ वाढत नाही हे ध्यानात ठेवा : ५ चे १० झाले की पाणी दुप्पट न होता साडेपाच पटींहून जास्त होते.

आता आळे. दीड मीटर त्रिज्येच्या आळ्यात ३ सें.मी. पाणी म्हणजे सुमारे २१० लिटर. सेकंदाला ५ लिटर पाणी येत असेल तर हे आळे ४२ सेकंदांत भरते! पानाला चुना लावेपर्यंत आळे भरून वाहू लागते. मातीचा बांध घालण्या-फोडण्यात तीन-चार मिनिटे जातात, तेवढ्यात माणूस आणि पाणी दोन्ही वाया जातात. आळ्यांच्या ओळीत पत्रा उपयोगी पडतो तो याचसाठी. वायंगणाचा हिशोब वेगळा : गुंठाभर कोपऱ्यात ५ सें.मी. पाणी म्हणजे ५,००० लिटर, त्याच पाण्याला १७ मिनिटे. झिरप धरून २० ते २५ धरा.

नारळ-सुपारीला ठिबक परवडत असेल तर पाटापेक्षा तेच बरे, हे या सदरात सांगायला हरकत नाही. पाट राहतो तो जिथे व्हाळाचे पाणी उताराने फुकट येते तिथे, आणि भाताला.

प्रश्न : व्हाळाचे पाणी दोन घरांत वाटून आहे, आमचे दोन वाटे आणि भावकीचा एक. सध्या दिवस वाटून घेतो. एकाच वेळी दोघांना वाट्याप्रमाणे पाणी देता येईल असा बांध आहे का?
– ता. राजापूर

आहे. एका पत्र्याला चौकोनी खाचा पाडून पाणी विभागता येते. मात्र एक ३० सें.मी.ची आणि एक १५ सें.मी.ची अशा दोन खाचा पाडू नका. खाचेच्या दोन्ही कडांशी पाणी थोडे आकसते आणि अरुंद खाचेला त्याचा फटका जास्त बसतो. लहान वाटेकऱ्याचे थोडे पाणी नेहमी मारले जाते. तीन सारख्या १५-१५ सें.मी.च्या खाचा पाडा, मध्ये तेवढीच जागा सोडून. दोन खाचांचे पाणी तुमच्या पाटात, एकीचे भावकीच्या. तिन्हींना तोटा सारखाच होतो, वाटा अचूक राहतो. मधली भिंत पत्र्याच्या खालच्या अंगाला दोन चिरे लावून करा.

पत्रा समतल नसेल तर हे सगळे फुकट. खाचेवरून ५ सें.मी. पाणी जात असताना एक बाजू फक्त १ सें.मी. खाली बसली, तर त्या बाजूच्या खाचेतून तिसरा हिस्सा जास्त पाणी जाते. नुसत्या डोळ्यांना हा कल दिसत नाही. लेव्हलच्या नळीने दोघांनी मिळून बसवा आणि आठवड्याने पुन्हा पाहा. पालापाचोळा अडकूनही वाटा बिघडतो. वरच्या अंगाला चार हातांवर बांबूच्या कामट्यांची जाळी उभी करा. व्हाळ आटत आला, की खाचेवरून जेमतेम दोन बोटे पाणी जाऊ लागते आणि हा हिशोब कच्चा होतो. तेव्हा पुन्हा दिवस वाटून घेणेच बरे.

थोडेसेच पाणी खाली सोडायचे असेल, नेमका वाटा नको असेल, तर ताडपत्रीला बाही लावतात. तळापासून वीतभर वर १० सें.मी. व्यासाचे भोक आणि त्याला हातभर कापडाची बाही शिवायची. पूर्ण उघडी असेल आणि वर २० सें.मी. पाणी असेल तर सेकंदाला ९ लिटरच्या आसपास जाते. दोरीने बाहीचा गळा आवळला की कमी.

प्रश्न : मी बांध टाकला की वरच्या शेजाऱ्याचा काठ फुटतो असे त्याचे म्हणणे आहे. तो शंभर पावलांवर आहे. हे शक्य आहे का?
– ता. संगमेश्वर

शक्य आहे. बांधाने चढवलेले पाणी मागे किती पसरेल ते पाटाच्या उतारावर असते. ३०० हातांना एक हात उतार असलेल्या पाटात पाणी ३० सें.मी. चढवले तर त्याचा फुगवटा ९० मीटर मागे जातो. १०० हातांना एक हात उतार असेल तर ३० मीटर. मळ्यातल्या सपाट पाटात शेजाऱ्याची तक्रार खरी असू शकते, घाटीतल्या उताराच्या पाटात बहुधा नसते. पाणी चढवा तेवढेच जेवढे मोरीला लागते, १५ सें.मी.ने काम होत असेल तर ३० कशाला? आणि बांधाची वरची कड काठापेक्षा चार बोटे खाली ठेवा. पाणी वाढले तर ते बांधावरून जावे, शेजाऱ्याच्या काठावरून नको. बांधावरून पडणारे पाणी खालचा तळ खणते, तिथे दोन चिरे किंवा ओला झाप (विणलेली झावळी) टाकून ठेवा.

प्रश्न : कलिंगडाच्या सऱ्यांना पाणी देताना दर वेळी काठ फोडावा लागतो, वाळूच असल्याने मोरी वाहून जाते.
– ता. वेंगुर्ले

काठ फोडूच नका, नळीने पाणी वरून काढा. आतून ५ सें.मी. व्यासाचा, सव्वा ते दीड मीटर लांबीचा प्लास्टिकचा पाइप घ्या. त्यात कोरडी वाळू ठासून भरा, मधला भाग मंद आचेवर फिरवत गरम करा आणि काठाच्या आकारात वाकवा. वाळू असल्याने तो चेपत नाही. वापरताना पाइप पाटात पूर्ण बुडवून हवा जाऊ द्या, एका तोंडावर तळहात घट्ट धरून ते तोंड काठापलीकडे सरीत टाका आणि हात काढा. पाटातली पातळी सरीतल्या पातळीहून १० सें.मी. वर असेल तर एक पाइप सेकंदाला दीड लिटरहून थोडे जास्त पाणी देतो. सरीतले तोंड पाण्याबाहेर असेल तर पातळी त्या तोंडाच्या मध्यापासून मोजा.

पाइप मध्येच बंद पडतो तो पाटातले पाणी उतरून आतल्या तोंडात हवा शिरल्याने. म्हणून खाली फिरता बांध हवाच. तो पातळी धरून ठेवतो आणि सगळ्या नळ्या सारख्या चालतात. सरीत जिथे पाणी पडते तिथे वाळूवर करवंटी उपडी ठेवा, खड्डा पडत नाही.

प्रश्न : खारबंदीच्या (भरतीचे पाणी अडवणाऱ्या बांधाच्या) उघाडीची (पाणी सोडायच्या दाराची) फळी सडली आहे. ती बदलेपर्यंत भरतीचे पाणी अडवायला ताडपत्रीचा बांध चालेल का?
– ता. पेण

नाही. दीड मीटर भरतीचे पाणी उघाडीच्या मीटरभर रुंदीवर टनाहून जास्त दाब देते, आणि ओहोटीला आतले पाणी उलट बाजूने ढकलते. ताडपत्रीचा पदर एकाच बाजूला धरतो. ओहोटीला तो उलटतो आणि पुढच्या भरतीला खारे पाणी सरळ मळ्यात. वाळूच्या गोण्या दोन्ही अंगांनी रचून, मध्ये चिकट माती ठोकून तात्पुरते अडवा आणि फळी लवकर बदला. आत साठलेले गोडे पाणी बाहेर सोडायची वाट मात्र ठेवा.

प्रश्न : तिलारीच्या कालव्याच्या पोटचारीत (लहान फाट्यात) पत्रा टाकून पाणी घेतले तर?
– ता. दोडामार्ग

घेऊ नका. कालवा, वितरिका आणि पोटचारी यांत अडथळा घालणे हा महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, १९७६ खाली गुन्हा आहे. शिवाय तिथला प्रवाह तुमच्या पत्र्याला दाद देणार नाही. मोरीतून शेतचारीत आलेल्या पाण्यावर फिरता बांध जरूर वापरा, तेही तुमच्या पाळीच्या वेळेत. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या २००५ च्या कायद्याखाली तुमच्याकडे पाणी वापर संस्था असेल तर पाळीपत्रक तिच्याकडे असते.

प्रश्न : पावसाळ्यात हे साहित्य कसे ठेवावे? गेल्या वर्षी माळ्यावर ठेवलेली ताडपत्री उंदरांनी खाल्ली.
– ता. रत्नागिरी

मे अखेरीस, मृगाच्या आधी, सगळे पाटातून काढा. पहिल्या पावसाचा लोंढा फिरत्या बांधाला उभा ठेवत नाही, आणि अडलेला पालापाचोळा काठ घेऊन जातो. ताडपत्री गोड्या पाण्याने धुवा. नेफ्यातली ट्यूब काढून तोही धुवा, कारण कुजायला सुरुवात तिथूनच होते. दोन दिवस सावलीत वाळवून काठीवरच गुंडाळा, घडी नको. घडीवर चीर पडते. गुंडाळी मांगराच्या (शेतावरच्या खोपीच्या) वाशाला तारेने टांगा, भिंतीपासून हातभर लांब. दोरीने टांगलीत तर उंदीर दोरीवरून उतरतात. माणग्याच्या टोकांना जळके इंजिन ऑइल लावा, वाळवी आणि भुंगा लागत नाही. पत्र्याला कापलेल्या धारांवर आणि वेल्डिंगवर रेड ऑक्साइडचा हात द्या, कारण जस्ताचा थर तिथेच नसतो. बाकी पत्र्याला जुने तेल पुसले तरी पुरे.